शरणपूरहून रबाईला

मोंबासा बेटावरून न्यालीचा पूल ओलांडून उत्तरेकडे गेलं की केंगेलेनी नावाचा चौक लागतो. मटाटू गाड्यांची हाकाटी, मोबाइल रिचार्जच्या टपऱ्या, कसावाचे तळलेले काप विकणाऱ्या बाया आणि या सगळ्या गर्दीत एक लहानशी कमान. कमानीवर घंटा आहे. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ही घंटा बडवून वस्तीला सावध करायचं, अशी व्यवस्था होती. मुक्त केलेल्या गुलामांच्या या वस्तीचं नाव फ्रीअरटाऊन. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रीअर पुढे १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार बंद करण्याची बोलणी करायला आले होते. १८७५ मध्ये वसलेल्या या वस्तीला त्यांचं नाव मिळालं.

या वस्तीचा एक धागा नाशिकच्या शरणपूरला जातो. नाशिककरांना शरणपूर रोड म्हणजे दुकानं, क्लासेस आणि सिग्नलला अडकलेल्या गाड्या. चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे सीएमएसने, तिथे १८५४ मध्ये ख्रिस्ती वसाहत उभारली. विल्यम प्राइस हे तिचे मिशनरी. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरला येत. तिथे त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. आमच्या गोदाकाठावर वाढलेली ही मुलं पुढे पुन्हा आफ्रिकेत गेली. १८६४ मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळच्या रबाई इथल्या मिशनवर रुजू झाले. डॉ. लिव्हिंग्स्टनने १८६६ मध्ये सुरू केलेल्या आपल्या अखेरच्या मोहिमेत नाशिकची नऊ मुलं सोबत घेतली. लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव इंग्लंडपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेतला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनविधीला तो हजर होता.

आमच्या मंडळीतल्या बहुतेकांना यातलं फारसं माहीत नव्हतं. रबाईच्या बाजूच्या एका अँग्लिकन मंडळीकडून काही महिन्यांसाठी सेवेला माणसं मागणारं पत्र आलं, तेव्हा पाळकांनी हा इतिहास रविवारच्या उपासनेत सांगितला. शेवटी चौघं निघालो : दोन परिचारिका, आयटीआयमधून निवृत्त झालेले सुतारकामाचे एक शिक्षक (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) आणि मी, प्राथमिक शाळेतली बाई.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाही. यलो फिव्हरची लस सरकारमान्य ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच जपायचं. ते नसेल तर परत येताना आपलेच अधिकारी सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करायच्या, आणि गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी सुटत नाही. केनियात जायला आता व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढतात, पण ती पर्यटकाची. विनामोबदला सेवा करायची असली तरी वेगळा परवाना लागतो, आणि धार्मिक व सेवाभावी कामासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र वर्गच आहे. आमच्याकडची बरीच मंडळी फिरायला म्हणून जातात आणि तिथे शिबिरं भरवतात. ते बेकायदा आहे, आणि सुवार्तेच्या नावाखाली केलं म्हणून कायदेशीर होत नाही. आणखी एक : प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियाने २०१७ मध्ये कडक बंदी घातली. लाडू-चिवड्याच्या पिशव्या डब्यांत रिकाम्या करूनच निघालेलं बरं.

मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांत पोचतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. नैरोबीहून मोंबासाला आम्ही २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने गेलो. रूळ त्सावोच्या अभयारण्यातून उंच भरावावरून जातात, आणि लाल मातीत लोळून विटेच्या रंगाचे झालेले हत्ती खिडकीतून दिसतात. जुनी मीटरगेज लाइन याच मुलखातून १८९६ ते १९०१ च्या दरम्यान घातली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार इथेच मेले. त्सावोच्या पुलावर सिंहांनी माणसं खाल्ली ती १८९८ मध्ये. सिंहांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. आजार आणि अपघातांनी गेलेल्या बाकीच्यांचं नाव कुणी काढत नाही.

जानेवारीत नाशिकला शाल लागते. मोंबासाला गाडीतून उतरताच अंगाला घामाचा चिकटा बसला. त्या महिन्यांत ईशान्येकडून कास्काझी वारा वाहतो. याच वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं शतकानुशतकं इथे येत आणि एप्रिलनंतर कुसी वारा सुरू झाला की परतत. किल्ला पाहायला गेलो तर तिथेही आपल्याकडचा धागा निघाला. फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते ९६ मध्ये बांधला, तेव्हा मोंबासाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता.

शहरातल्या एका गुजराती कुटुंबाने पहिल्याच दिवशी जेवायला आणि राहायला बोलावलं होतं. वरण-भात, वातानुकूलित खोली. मोह होणारच. पण आमच्या पाळकांनी निघतानाच अट घातली होती की सुरुवातीचे आठवडे स्थानिक कुटुंबांतच काढायचे, आणि तेही चौघांनी चार घरांत. ही अट त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. टॉम आणि बेटी सू ब्रूस्टर या अमेरिकन दांपत्याने मिशनरींच्या भाषाशिक्षणावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की परक्या देशात आल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे निर्णायक असतात. त्या काळात ज्यांच्या घरी राहाल त्यांचेच तुम्ही होता. पहिल्या दिवसापासून आपल्याच देशी माणसांनी उचलून घरी नेलं, तर पुढची वीस वर्षंही त्यांच्या कुंपणातूनच बाहेर बघत राहाल. तेव्हा मला हे जरा अतिच वाटलं होतं. आता मला ते अगदी पटतं.

रबाई मोंबासापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, टेकडीवर. माझ्या यजमानीण बाई विधवा, त्यांची दोन लेकरं शाळेत. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, शेणाने नव्हे तर सिमेंटने केलेली जमीन, मागे संडास आणि आडोशाची न्हाणी. बादली आणि लोट्याने आंघोळ करायची सवय असल्यामुळे तिथे मला काही अडलं नाही. खरी अडचण पाण्याची. वीस लिटरचे पिवळे कॅन भरून हातगाडीवाला आणतो, त्याचे पैसे मोजायचे. माझ्या पहिल्या आंघोळीनंतर धाकटी मुलगी कॅन हलवून बघत होती. तेव्हापासून मी केस आठवड्यातून एकदा धुऊ लागले.

जेवणात उगाली, म्हणजे पाण्यात घट्ट घोटलेला मक्याच्या पिठाचा गोळा. उजव्या हाताने तुकडा तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. सोबत सुकुमा विकी ही कोबीच्या कुळातली पालेभाजी, नाहीतर मचिचा, जो आपला माठच. जेवायच्या आधी घरातलं पोर तांब्या आणि घमेलं घेऊन येतं आणि प्रत्येकाच्या हातावर कोमट पाणी घालतं. नारळाच्या दुधात शिजवलेली तूर आणि वेलदोड्याचा वास असलेली माहाम्री, म्हणजे तळलेला गोडसर पाव, ही किनाऱ्यावरची सकाळची न्याहारी मला आजही हवीशी वाटते. तुरीची डाळच करायची असते, हा माझा समज तिथे गळून पडला. चपाती मात्र सगळीकडे आहे, मैद्याची, पदर सुटणारी, आणि तिला चपातीच म्हणतात. सण असला की चपात्या. आम्हां चौघांना रोजच्या जेवणात चपाती मागायची सवय होती, आणि यजमानांना ती मागणी सणाची वाटत होती हे ध्यानात यायला थोडे दिवस गेले.

या भागात कोणतंही बोलणं थेट मुद्द्यावर येत नाही. आधी वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं, त्यांनी 'मारहाबा' म्हणायचं. मग घरचं काय, कामाचं काय, मुलांचं काय, रात्र कशी गेली. प्रत्येकाला 'नझुरी', बरं आहे. घरात मलेरियाचा तापकरी असला तरी आधी 'नझुरी', आणि मग सावकाश खरी गोष्ट. दुकानात जाऊन 'एक साबण द्या' असं सुरू करणं उद्धटपणाचं. नळावर रांगेत उभ्या असणाऱ्या पुणेकराला हे जड जाईल. नाशिककरालाही जातंच.

घड्याळाचं प्रकरण निराळंच. स्वाहिलीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास आणि दहा म्हणजे चौथा. मोंबासा विषुववृत्तापासून जेमतेम चार अंशांवर आहे. वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखे, साडेसहाच्या सुमारास झपकन अंधार. अशा मुलखात हाच हिशेब सरळ आहे. फक्त भेटीची वेळ ठरवताना इंग्रजीत बोललो की स्वाहिलीत, हे दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवायचं.

पैशांचा सगळा व्यवहार मोबाइलवरच्या एम-पेसावर. ही सोय केनियात २००७ मध्येच सुरू झाली, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. भाजीवाली, बोडाबोडावाला, देवळातली दानपेटी, सगळं त्यावर. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आणि त्यांतल्या कितीतरी बजाज बॉक्सर. बजाजच्या आकुर्डीचं नाव घेऊन ओळख सांगायला काकांना ही एक जागा सापडली.

पण आमची खरी ओळख लोकांनी आधीच ठरवून ठेवलेली होती. गोरा माणूस दिसला की पोरं 'म्झुंगू' म्हणून ओरडत धावतात, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. आम्ही 'म्हिंदी', आणि आम्हाला बघून कुणी धावलं नाही. म्हिंदी म्हणजे दुकानदार, गोदामाचा मालक, ज्याच्या घरी आपली बहीण धुणंभांडी करते तो. ब्रिटिशांच्या काळात वरती गोरे, मध्ये हिंदी, खाली आफ्रिकी अशी उतरंड होती. मालकी, वसाहती, शाळा, दवाखानेसुद्धा तिच्याप्रमाणे वेगळे. स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली, आणि २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या आशियाई लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यताही दिली. तरी रबाईच्या रस्त्यावर म्हिंदी बाई पायी चालते, कॅन उचलते, आफ्रिकी घरात रात्री झोपते, हे लोकांना पचत नव्हतं. शेजारच्या एका आजोबांनी यजमानीणबाईंना विचारलं की ही भाडं किती देते. ती पाहुणी आहे म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, की तुझ्या नवऱ्याचं दुकान बुडालं का?

मी हसले, पण तो प्रश्न योग्य होता. गोऱ्या मिशनरीला जो एक भाबडा आदर आपोआप मिळतो तो आम्हाला मिळणार नव्हता, आणि त्यात आमचं नुकसान काहीच नव्हतं. उलट, ख्रिस्ती म्हिंदी ही गोष्टच अनेकांना नवी होती. किनाऱ्यावर गोव्याचे कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण गावाला ठाऊक असलेले हिंदी म्हणजे हिंदू, जैन नाहीतर मुसलमान. तुमच्याकडे प्रभूचं नाव गोऱ्यांनी आणलं का, हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला आणि तोच आम्ही त्यांना.

कामाचं म्हणाल तर सुरुवातीला काम नव्हतंच. परिचारिकांना केनियाच्या परिचर्या मंडळाची तात्पुरती नोंदणी मिळेपर्यंत सुई हातात धरता येत नव्हती, आणि ती वेळेवर आली नाही. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून केसपेपर लावत आणि बायकांशी मोडकंतोडकं बोलत. काकांची तर वेगळीच गंमत. सुतारकाम 'शिकवायला' आलेले हे गृहस्थ गावातल्या फुंडीच्या, म्हणजे कारागिराच्या, छपरीत गेले. त्याने त्यांना चहा दिला, स्टूल दिलं आणि हातात सँडपेपर दिला. आंब्याच्या लाकडाची दारं तो ज्या सफाईने करत होता, ती पाहून काका संध्याकाळी म्हणाले, "अगं बाई, याला मी काय शिकवू? याच्याकडे एक चांगला रंधा नाही, एवढंच." मग त्यांनी रंध्याची पाती पाजळून द्यायला सुरुवात केली, आणि महिनाभर तेच केलं. ती त्या छपरीची खरी गरज होती.

मी शाळेत पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसत होते, शिकायला. स्वाहिलीचे स्वर आपल्यासारखेच स्वच्छ, शब्द बहुतेक स्वरावर संपतात, त्यामुळे उच्चार जमतो. व्याकरणात नामांचे इतके वर्ग आहेत की डोकं भणभणतं. सहा वर्षांची मुलं माझ्या चुका मनापासून दुरुस्त करत. मराठी शाळेत बत्तीस मुलांना गप्प बसवणारी बाई इथे गप्प बसली होती.

रविवारची उपासना तीन तासांच्या आत संपत नाही. 'तेन्झी झा रोहोनी' हे त्यांचं गीतांचं पुस्तक, जसं आपलं 'उपासना संगीत'. चाली बऱ्याचशा इंग्रजी, पण खांद्यांपासून पावलांपर्यंत सगळं अंग गातं. दानाच्या वेळी कुणाकडे पैसे नसतील तर अंडी, केळ्यांचा घड, कधी पाय बांधलेली कोंबडी येते, आणि उपासनेनंतर अंगणात तिचा लिलाव होतो. एका लहान मुलाने आणलेलं अंडं बाजारभावाच्या अनेक पटींनी गेलं, आणि घेणाऱ्याने ते त्यालाच परत दिलं. पाहुण्यांनी उभं राहून सलाम सांगायचा असतो. आम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक गीत म्हटलं. टाळ नव्हते, त्यांनी ढोल दिला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की दिवस गोडीगुलाबीत गेले. पहिले काही दिवस तसेच होते. मग एका सकाळी मला सगळ्याचाच राग आला. उगालीचा, 'पोले पोले'चा, म्हणजे सावकाश-सावकाशचा, न येणाऱ्या मटाटूचा, उकळलेल्या पाण्याच्या धुरकट चवीचा. एक परिचारिका तासातासाला हात धुऊ लागली होती. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने ही सगळी लक्षणं १९६० मध्येच लिहून ठेवली आहेत : पाण्याची, अन्नाची, अंथरुणाची नको इतकी काळजी, सारखे हात धुणं, किरकोळ उशिराने भडकणं, घरच्या माणसांची अनावर ओढ. आधी नव्याची नवलाई, मग हा चिडचिडीचा टप्पा, त्यातून तरला तर माणूस हळूहळू रुळतो, असं त्याचं निरीक्षण. त्याचा तो लेख छापला गेला तो मिशनरींसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकात, म्हणजे वाचक नेमके धरलेले होते. औषध त्याने एकच सांगितलं : तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोला. आमच्या बाबतीत तरी ते लागू पडलं. मात्र ताप आला तर तो मनाचा समजायचा नाही. चोवीस तासांच्या आत मलेरियाची तपासणी करायची. परिचारिकांपैकी एकीला तो झालाच, आणि वेळेवर गोळ्या मिळाल्याने आठवड्यात ती उठली.

रबाईला जुनं चर्च आहे, आणि शेजारी क्राप्फ यांच्या नावाचं संग्रहालय. मिशनरी योहान क्राप्फ १८४४ मध्ये मोंबासाला आले, आणि काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नुकती जन्मलेली मुलगी तापाने गेल्या. त्याच वर्षी त्यांनी उत्पत्तीचं पुस्तक स्वाहिलीत उतरवायला घेतलं. त्यांचे सोबती रेबमान इथे २९ वर्षं राहिले आणि जवळजवळ आंधळे होऊन परतले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत मंडळी सांभाळायला होते ते शरणपूरचे लोक. त्यांच्यामागून १८७४-७५ मध्ये नाशिकहून आणखी सुमारे दीडशे जण आले. त्यांना इथे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. रंग इथलाच, पण पोशाख साहेबी, जिभेवर हिंदुस्थानी आणि इंग्रजी, आणि बऱ्याच जणांची मायबोली लहानपणीच गेलेली. गावाला ते परके, गोऱ्या मिशनरींना ते हाताखालचे. पगार आणि मान यांवरून खटके उडाले ते उडालेच. आमचं रुळणं काही महिन्यांचं आणि परतीचं तिकीट खिशात ठेवून. त्यांना दोनदा रुजावं लागलं, आणि दोन्ही वेळा विचारून नव्हे. याच विल्यम जोन्सने रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मालकांनी ती माणसं परत मागितली, तेव्हा शेवटी १८८८-८९ मध्ये नुकसानभरपाई मोजून चौदाशेच्या आसपास लोकांना मुक्ततेचे कागद देण्यात आले. शरणपूरच्या चर्चमध्ये या माणसाच्या नावाची पाटी असायला हवी, असं माझं मत आहे, आणि ते मी परतल्यावर मंडळीच्या सभेत मांडलं आहे.

माझ्या मते दहा-बारा दिवसांच्या मिशन-सहली बंद व्हाव्यात. तेवढ्यात भिंत रंगवून होते, जी तिथला रंगारी चार दिवसांत आणि चांगली रंगवतो, आणि मुलांबरोबर फोटो होतात. नमस्कार कसा करायचा हे कळेपर्यंतच तेवढे दिवस संपतात. जायचं असेल तर किमान तीन महिने काढा, निघण्यापूर्वी सहा महिने स्वाहिली शिका, परवाने आधी घ्या आणि पहिला महिना हातात काम नसेल हे गृहीत धरा. तेवढा वेळ नसेल तर विमानाचं तिकीट काढू नका. ते पैसे तिथल्या एखाद्या परिचारिकेच्या पगारासाठी पाठवा.